शैलकोरीव मेजे

लेण्यांच्या सभामंडपात मूळ खडकातच कोरलेली, तळ व माथा अखंड असलेली लांब, ठेंगणी मेजे. वसईच्या खाडीच्या दक्षिणेस असलेल्या कान्हेरीच्या अकराव्या, ‘दरबार’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या लेण्यात ती दिसतात. वेरूळच्या पाचव्या लेण्यातही अशी दोन समांतर मेजे असून त्याचा मंडप सु. 36 मी. खोल व 18 मी. रुंद आहे, त्यास 24 स्तंभांचा आधार आहे. दोन्ही लेणी सामान्यतः पाचव्या ते सातव्या शतकांच्या दरम्यानची मानतात.

लेणे छताकडून खाली कोरीत येतात व जमीन सर्वांत शेवटी सिद्ध होते. त्यामुळे मेज घडविण्यापेक्षा राखण्याचेच काम अधिक असे : भोवतालची जमीन खाली नेताना दोन पट्टे न तोडता ठेवावयाचे. उडालेला कपरा पुन्हा बसविता येत नाही. म्हणून मेजांची जागा व लांबी आधीच ठरलेली असली पाहिजे. ती मागाहून सुचलेली सोय नव्हे, मंडपाच्या मूळ आखणीचाच तो भाग होय. कान्हेरीचा खडक ज्वालामुखीजन्य खडबडीत संकोणाश्म असल्याने तेथे नाजूक कडांची अपेक्षाही करता येत नाही. याउलट, सोपारा (ता. वसई) येथील स्तूपात 1882 मध्ये भगवानलाल इंद्रजी यांना मिळालेली दगडी पेटी दोन स्वतंत्र दगडांची आहे. सोपाऱ्याच्या दात्यांचे उल्लेख कान्हेरीच्या लेखांत येतात. मात्र ते लेख या मेजांपूर्वीचे आहेत.

मेजांच्या उपयोगाविषयी मतभेद आहेत. ती भोजनासाठी किंवा ग्रंथपठनासाठी असावीत, असे पूर्वीपासून म्हटले जाते. तथापि सातव्या शतकात भारतात आलेल्या इत्सिंगच्या वर्णनानुसार भिक्षू लहान, स्वतंत्र आसनांवर बसत व अन्न जमिनीवर पानांत वाढले जाई. तो कोकणात आलेला नव्हता, त्यामुळे त्याची साक्ष येथे निर्णायक ठरत नाही. पण भोजनाच्या मताला तिच्यामुळे बाध येतो, हे खरे. तिबेटी मठांत भिक्षू समोरासमोरच्या लांब बैठकांवर बसून पठन करतात; त्या धर्तीवर पाहता ही मेजे नसून आसने ठरतात, आणि हे मत अधिक सयुक्तिक वाटते. दरबार लेण्यात राष्ट्रकूट अमोघवर्ष व शिलाहार कपर्दी यांच्या काळातील शके 775 चा लेख असून त्यात भिक्षूंसाठी दिलेल्या देणगीची नोंद आहे. म्हणजे नवव्या शतकातही येथे संघ नांदत होता.