चष्मा, कवळी आणि नर्सची साक्ष

वृद्धाश्रमाचा विषय निघाला की आपली चर्चा दोनच ठिकाणी जाऊन थांबते: मुलं नालायक की आईवडील हेकट. तिथं रात्रपाळी करणाऱ्या नर्सचं नाव कुणी काढत नाही. म्हणून आज इंग्लंडमधली एक जुनी हकीकत सांगते.

जानेवारी 1965. बार्बरा रॉब नावाच्या मानसोपचारतज्ज्ञ बाई ओळखीतल्या एका वृद्ध बाईंना भेटायला उत्तर लंडनच्या फ्रायर्न हॉस्पिटलमध्ये गेल्या. हे मूळचं 1851 सालचं, त्या काळच्या भाषेत वेड्यांचं इस्पितळ. पण दुसरीकडे सोय नाही म्हणून कितीतरी म्हातारी माणसं वर्षानुवर्षं तिथंच राहायची. रॉबबाईंना काय दिसलं? सगळ्यांचे केस एकसारखे कापलेले. चष्मे, कवळ्या, कानाची मशीनं काढून घेतलेली. दिवसभर करायला काही नाही.

आता विचार करा. चष्मा गेला की वाचन बंद. कवळी गेली की बोलणं बोबडं. मशीन गेलं की समोरचा काय विचारतोय तेच कळत नाही. मग बघणारा म्हणणार, 'आजी भ्रमिष्ट झाल्यात.' मला या सगळ्या प्रकरणात हाच तपशील सगळ्यात भयंकर वाटतो, कारण यासाठी कुणी दुष्ट असावं लागत नाही. वस्तू हरवली तर बोलणी नर्सनं खायची, वॉर्डात खाटा जास्त, हात कमी. काढून कपाटात ठेवलं की काम सोपं! चांगली नर्ससुद्धा हे करून जाते. आणि जिला हे खुपतं, तिनं काय करायचं?

रॉबबाईंनी काही नामवंतांच्या सह्या घेऊन 10 नोव्हेंबर 1965 ला 'द टाइम्स'मध्ये पत्र छापलं आणि अशा अनुभवांची माहिती मागवली. शेकडो पत्रं आली. त्यातून 1967 मध्ये 'सॅन्स एव्हरीथिंग' हे पुस्तक निघालं. त्यात नर्स आणि समाजसेवकांच्या साक्षी होत्या. आरोग्यमंत्री केनेथ रॉबिन्सन यांना ते अजिबात रुचलं नाही. चौकश्या झाल्या, आणि जुलै 1968 च्या श्वेतपत्रिकेत बहुतेक आरोप निराधार किंवा अतिरंजित ठरवले गेले. म्हणजे ज्यांनी तोंड उघडलं, त्याच खोट्या!

पण 1967 मध्येच कार्डिफच्या इली हॉस्पिटलमधल्या एका नर्सिंग सहायकाच्या तक्रारी वर्तमानपत्रात आल्या होत्या. (ते वृद्धांचं नव्हे, मुख्यतः मतिमंदांचं हॉस्पिटल, पण दुखणं तेच.) जेफ्री हाव यांच्या चौकशीत बऱ्याच तक्रारी खऱ्या निघाल्या. तोवर रॉबिन्सन जाऊन रिचर्ड क्रॉसमन मंत्री झाले होते. त्यांनी मार्च 1969 मध्ये अहवाल दाबला नाही, पूर्ण छापला. मग हॉस्पिटलांची पाहणी करणारी स्वतंत्र यंत्रणा आली, 1973 मध्ये आरोग्यसेवेचा लोकपाल आला.

संपलं? नाही. 2005 मध्ये मार्गारेट हेवूड या नर्सनं ब्रायटनच्या एका रुग्णालयात वृद्धांच्या वॉर्डातली हेळसांड बीबीसीसाठी लपवलेल्या कॅमेऱ्यानं टिपली. 2009 मध्ये नर्सिंग कौन्सिलनं तिचं नाव नोंदणीतून काढलं. का, तर रुग्णांची गोपनीयता मोडली. हा आक्षेप पोकळ नाही हं. उघड्यावाघड्या अवस्थेतल्या आजोबांचं चित्रण त्यांना न विचारता करावं का, हा खराच प्रश्न आहे. पण त्यासाठी तिचा पेशाच काढून घ्यायचा? खूप ओरड झाली, कोर्टबाजी झाली, तेव्हा त्याच वर्षी शिक्षा एका वर्षाच्या ताकिदीवर आली.

आपल्याकडे ज्येष्ठांसाठी 2007 चा कायदा आहे. प्रत्येक जिल्ह्यात किमान 150 निराधार ज्येष्ठांची सोय होईल असा एक तरी वृद्धाश्रम राज्य सरकार काढू 'शकतं', असं त्यात लिहिलंय. तिथल्या हेळसांडीबद्दल बोलणाऱ्या नर्सला संरक्षण देणारं मात्र त्यात एक कलम नाही. आपल्या गावातल्या आश्रमात चौकशीला जाल तेव्हा खोलीचं भाडं विचाराच. पण रात्री किती जणांमागे किती नर्स असतात, आणि आजींची कवळी रात्री कुठं ठेवतात, हेही विचारून या. आणि शक्य झालं तर ते मॅनेजरला नाही, नर्सला विचारा.