रेती मारायची पेटी आणि पाटीवरची पेन्सिल

मंडळी, आपला पांढुर्णा-सौंसरचा मुलूख संत्र्याच्या बगीच्यांचा. फवारणी पंप, मोटरी, ट्रॅक्टरचे भाग गंजतात अन् दुरुस्तीला येतात. गंज काढायला माझ्या घरामागच्या शेडमध्ये पत्र्याची एक पेटी आहे. समोर काच, खाली हातमोजे बसवलेली दोन भोकं. आत कंप्रेसरच्या हवेनं बारीक दाणे लोखंडावर मारायचे, की गंज उडून जातो. ही पेटी सुधारायला घेतली तेव्हा सगळ्यांचा सल्ला एकच होता: "कंप्रेसर मोठा घ्या, रेती तर नदीत आहेच." मी आधी रेतीच बंद केली. का, ते सांगतो.

ही युक्ती अमेरिकेतल्या बेंजामिन टिलघमन यांची. १८७० मध्ये त्यांनी पेटंट घेतलं. जोरात मारलेली रेती काच अन् दगड कोरते, पण मऊ रबर तसंच राहतं, हे त्यांनी हेरलं. म्हणून रबराचा साचा चिकटवून काचेवर नक्षी काढता येऊ लागली, दगडावर अक्षरं कोरता येऊ लागली. आपल्या न्हाणीघराची धुरकट काच अन् दारावरची दगडी पाटी याच विद्येतली.

पण रेतीत सिलिका असते. लोखंडावर आपटून दाणा फुटला, की डोळ्याला न दिसणारी धूळ होते. ती फुप्फुसात खोल बसते, तिथं वण पडतात अन् श्वास आखडत जातो. याला सिलिकोसिस म्हणतात. यावर इलाज नाही. काम सोडलं तरी आजार वाढू शकतो. ब्रिटननं १९४९ मध्ये अशा कामात रेती वापरायला बंदी घातली.

हे दूरचं वाटत असेल, तर आपल्याच राज्यातलं मंदसौर आठवा. पाटीवरची पेन्सिल तिथं बनायची. दगड करवतीनं कापताना उडणाऱ्या धुळीनं कितीतरी कामगार भर उमेदीत गेले, मागं बायका-लेकरं राहिली. शेवटी १९८२ मध्ये मध्यप्रदेशनं या कामगारांसाठी कल्याण निधीचा कायदा केला. आपण मुळाक्षरं गिरवत होतो, त्या पेन्सिलीची ही किंमत होती राजेहो!

१९४८ च्या कारखाने कायद्यात सिलिकोसिस सरकारला कळवायच्या रोगांमध्ये होता. पण त्या कायद्यात विजेवर चालणाऱ्या जागी दहा कामगार असले, तरच तो कारखाना ठरायचा. घरामागच्या शेडमध्ये कोणता इन्स्पेक्टर येणार? तिथं आपणच कामगार, आपणच मालक, अन् दाराशी खेळणारी नातवंडं.

म्हणून माझ्या पेटीत आता रेतीऐवजी गार्नेटचे दाणे आहेत. नाजूक भागांना काचेचे बारीक मणी. दाराच्या कडेला रबरी पट्टी लावली. पेटीतली हवा व्हॅक्यूमनं ओढून घेतो, म्हणजे फटीतून धूळ बाहेर येत नाही. मध्ये एक झाकणबंद बादली जोडली. जड दाणे तिथंच पडतात, बारीक धूळ पुढं फिल्टरमध्ये अडकते. कंप्रेसरच्या नळीवर पाणी वेगळं करणारा फिल्टर बसवला, नाहीतर पावसाळ्यात दाण्यांचे गोळे होऊन नळी तुंबते. काम संपल्यावर धूळ ओढली जाईपर्यंत दार उघडत नाही. फिल्टर साफ करताना नाकाला चांगला मास्क असतो. रुमालानं ही धूळ अडत नाही.

कंप्रेसर मात्र जुनाच आहे. गंज निघायला दोन मिनिटं जास्त लागतात, लागू देत.