काठाकाठानं

पेणच्या खारेपाटात कोळंबीचं बी बहुतेक पहाटेच येतं. ऊन चढायच्या आत सगळं उरकायचं असतं. आंध्र किंवा तमिळनाडूतल्या हॅचरीतून निघालेली थर्मोकोलची खोकी धरमतर खाडीलगतच्या तळ्यावर उतरतात. खोक्यात ऑक्सिजननं फुगवलेल्या पिशव्या, आणि पिशवीत पापणीच्या केसाएवढे हजारो जीव. लांबून आलेल्या पाहुण्याला लगेच घरात घ्यावं असं वाटतं, पण इथे पिशवी उघडतसुद्धा नाहीत. ती तशीच अर्धा-पाऊण तास तळ्यात तरंगत ठेवतात. आतलं-बाहेरचं पाणी सारखं कोमट झालं की मग तोंड सोडून बी टाकीत ओतायचं आणि तळ्याचं पाणी मगानं थोडं थोडं त्यात घालायचं. मध्येच एक थेंब रिफ्रॅक्टोमीटरच्या काचेवर टाकून, डोळ्याला लावून खारेपणा बघायचा. हे तासन्‌तास चालतं.

या सगळ्याला तळ्यावर ‘ॲक्लिमेशन’ म्हणतात, पुस्तकात अनुकूलन. ‘अनुकूल’ हा आपल्या रोजच्या बोलण्यातला शब्द, पण त्याच्या पोटात ‘कूल’ आहे. कूल म्हणजे काठ, किनारा. काठाला धरून जाणारं ते अनुकूल आणि काठाच्या उलट ते प्रतिकूल. ज्या मुलखात शेताचं रक्षण करणाऱ्या बांधालाच बाहेरकाठा म्हणतात, तिथे हा शब्द अगदी घरचा वाटतो.

कोळंबी जन्मतः काठानंच चालते. मादी अंडी सोडते खुल्या समुद्रात, जिथे पाण्यात दर लिटरला सुमारे 35 ग्रॅम मीठ असतं. पिल्लं तरंगत, कात टाकत किनाऱ्याकडे येतात आणि भरतीबरोबर खाडीत शिरतात. एक भरती थोडं आत नेते, ओहोटी थोडं मागे ओढते. असं पुढेमागे होत, तिवरांच्या मुळांशी पोहोचेपर्यंत पाण्याचा खारेपणा कितीतरी उतरलेला असतो आणि पिल्लाचं अंगही त्याला सरावलेलं असतं. रोह्याच्या कुंडलिका नदीत काय, पेणच्या बाजूला अंबा नदीच्या मुखाशी काय, हे युगानुयुगं चालत आलं आहे. गोव्याच्या खाजन शेतांत मानशीच्या दारातून, केरळच्या पोक्कळी भाताच्या शेतात तशाच दारांतून भरतीचं पाणी आत घेऊन कोळंबी वाढवत, तेव्हा मगाची गरजच नव्हती. मगाचं काम भरती करत होती.

माणसाला ते हातानं करावं लागलं, कारण त्यानं मधली खाडीच वगळली. जपानमध्ये मोतोसाकू फुजिनागा यांनी 1934 मध्ये कुरुमा कोळंबीची अंडी बंदिस्त पाण्यात मिळवली, पिल्लांना सूक्ष्म डायटम खाऊ घालून वाढवलं आणि 1942 मध्ये तो सगळा जीवनक्रम प्रसिद्ध केला. जगातली प्रत्येक कोळंबी हॅचरी या कामाची वारस आहे. 2009 मध्ये भारतात पॅसिफिकच्या अमेरिकी किनाऱ्यावरच्या व्हेनामी कोळंबीला परवानगी मिळाली आणि शेकडो किलोमीटर दूरचं बी तळ्यात सोडणं नित्याचं झालं. हळूहळू सवय लावली तर व्हेनामी जवळजवळ गोड्या पाण्यातही जगते. एकदम टाकली, तर उरलेली मोजायलाच लागतात.

काचेच्या पेटीतला समुद्र याहून जुना. 1846 मध्ये ॲना थिन या बाईंनी इंग्लंडच्या टॉर्की किनाऱ्यावरून जिवंत प्रवाळ लंडनला नेले. वाटेत आपटू नयेत म्हणून ते सुईदोऱ्यानं स्पंजाला टाचले होते. घरी मोलकरीण तेच समुद्राचं पाणी उघड्या खिडकीशी या भांड्यातून त्या भांड्यात ओतत राही, हवा मिसळावी म्हणून. त्या अनाम बाईच्या हाताचं मला फार अप्रूप वाटतं. पहिला एअरेटर तोच.

माझ्याकडे खाऱ्या पाण्याची पेटी आली तेव्हा हे काही ठाऊक नव्हतं. मुंबईहून एक तारामासा आणला. विकणाऱ्यानं सांगितलं, दहा मिनिटं पिशवी ठेवा आणि सोडा. मी तसंच केलं. चौथ्या दिवशी त्याच्या भुजांची टोकं विरघळू लागली, आठवड्यात तो गेला. माशाला मूत्रपिंड असतं, कल्ले मिठाचा हिशेब ठेवतात. तारामाशाकडे यातलं काही नाही, त्याच्या नळ्यांतून समुद्रच वाहत असतो. बाहेरचं पाणी बदललं की आतलंही बदलतं. आता मी हवेची बारीक नळी गाठ मारून लावतो आणि थेंब थेंब पाणी सोडतो. तारामाशाला दोन-तीन तास देतो आणि त्याला पाण्याबाहेर उचलत नाही.

एक गोष्ट मात्र तळ्यावर शिकलो. लांबचा प्रवास केलेल्या पिशवीत जीवांच्या श्वासानं कार्बन डायऑक्साइड साठतो, पाणी आम्लाकडे झुकतं, आणि त्यामुळेच त्यातला अमोनिया फारसा बाधत नाही. तोंड सोडलं की वायू उडतो, सामू चढतो आणि तोच अमोनिया विषारी होतो. म्हणून लांबून आलेलं बी उघड्या पिशवीत ताटकळत ठेवत नाहीत. ते हवा सोडलेल्या टाकीत ओततात आणि सावकाशीचं काम तिथे करतात. पिशवी उघडण्यापूर्वी घाई नको आणि उघडल्यावर दिरंगाई नको.

सोडण्याआधी शेवटची तपासणी असते. पांढऱ्या घमेल्यात थोडं बी घेऊन पाणी हातानं गोल ढवळतात आणि थांबतात. दुबळी पिल्लं भोवऱ्याबरोबर वाहत मधोमध गोळा होतात. तरतरीत असतात ती प्रवाहाच्या उलट तोंड करून घमेल्याच्या कडेला धरतात. काठाला किती आहेत हे बघून मग घमेलं तळ्यावर तिरपं करतात.