संमिश्र विद्युत अग्रे

दोन किंवा अधिक पदार्थ सूक्ष्म पातळीवर एकत्र आणून घडवलेली विद्युत अग्रे, म्हणजेच इलेक्ट्रोड. विजेची साठवण आणि पाण्याच्या विद्युत विच्छेदनातून हायड्रोजनची निर्मिती ही त्यांची दोन प्रमुख कामे आहेत. चांगल्या अग्राला विपुल पृष्ठभाग, उत्तम संवाहकता, रासायनिक क्रियाशीलता आणि टिकाऊपणा लागतो. हे सारे गुण एका स्वस्त पदार्थात क्वचितच आढळतात, म्हणून पदार्थांची सांगड घालावी लागते.

ऊर्जासाठवण : सच्छिद्र कार्बन वीज चटकन घेतो व देतो, पण त्यात थोडीच ऊर्जा मावते. मँगनीज डायऑक्साइडची सैद्धांतिक धारिता प्रतिग्रॅम सुमारे १,३७० फॅरड असली, तरी तो मंदवाहक असल्याने त्याच्या जाड थराचा आतला भाग वापरातच येत नाही. ग्रॅफीन किंवा कार्बन नलिकांवर त्याचा पातळ थर दिला, की इलेक्ट्रॉनांना वाट मिळते. वीज चटकन घेणाऱ्या-देणाऱ्या सुपरकपॅसिटरमध्ये असे संमिश्र वापरतात. लिथियम-आयन बॅटरीत सिलिकॉन भारित होताना सुमारे तिप्पट-चौपट फुगून तडकतो. कार्बनची जोड हा ताण सावरते.

जलविघटन : २५° से. तापमानाला पाणी विघटित करण्यास किमान १.२३ व्होल्ट लागतात. ऑक्सिजन मुक्त होण्याची क्रिया चार इलेक्ट्रॉनांची व मंद असल्यामुळे प्रत्यक्षात विभवांतर बरेच वाढवावे लागते. प्लॅटिनम व इरिडियम उत्तम उत्प्रेरक, पण दुर्मिळ. अल्कधर्मी द्रावणात निकेल-लोह हायड्रॉक्साइड हा ऑक्सिजनच्या बाजूला स्वस्त आणि समर्थ पर्याय ठरला आहे. तो सहसा सच्छिद्र निकेल फोमवर वाढवतात.

महाराष्ट्रातील कार्य : कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात सी. डी. लोखंडे व सहकाऱ्यांनी द्रावणातून पातळ थर जमवण्याच्या पद्धती विकसित केल्या आणि पुढे त्या सुपरकपॅसिटरसाठी वापरल्या. ‘सिलार’ ही त्यांपैकी एक पद्धत निकोलाऊ यांनी १९८५ मध्ये मांडली होती. आधारपट्टी धन व ऋण आयनांच्या द्रावणांत आलटूनपालटून बुडवून मधे धुतली, की थरावर थर चढतो. एच. एम. पठाण व लोखंडे यांचा या पद्धतीवरील आढावालेख २००४ मध्ये प्रसिद्ध झाला. निर्वात यंत्रणा लागत नसल्याने ही पद्धत लहान महाविद्यालयांच्या प्रयोगशाळांनाही परवडते.

खानदेशातील महत्त्व : साक्री तालुक्यात शिवाजीनगर येथे महानिर्मितीचा १२५ मेगावॉटचा सौर प्रकल्प आणि ब्राह्मणवेल परिसरात पवनचक्क्या आहेत. ऊन उतरल्यावर किंवा वारा पडल्यावर मागणी भागवायची, तर साठवण हवीच. केळीच्या साली व कापसाच्या पऱ्हाट्या यांपासून सक्रिय कार्बन करता येतो, त्यामुळे अग्रांचा एक कच्चा माल या भागात शेतातच तयार होतो. हायड्रोजनचा विचार मात्र पाण्याचा हिशेब मांडूनच व्हायला हवा : १ किग्रॅ. हायड्रोजनसाठी किमान ९ लिटर शुद्ध पाणी खर्ची पडते आणि शुद्धीकरण व शीतनासाठी आणखी लागते.

मर्यादा : प्रयोगशाळेत उत्प्रेरकांची तुलना बहुधा दर चौ. सेंमी.ला १० मिलिअँपिअर प्रवाहावर होते, तर उद्योगात काहीशे मिलिअँपिअर लागतात. तेथे वायूचे बुडबुडे थर उखडतात व धातू विरघळू लागतात. पातळ थरावर मोजलेली प्रतिग्रॅम धारिताही जाड अग्रात तशीच मिळत नाही. म्हणून अग्राचे मोल ठरवताना पदार्थांचे वजन, प्रवाह आणि किती तास किंवा किती आवर्तने ते टिकले, हे तिन्ही एकत्र पाहणे आवश्यक आहे.