‘स्क्रिप्ट एरर’ची कुळकथा

ब्रेंडन आइक यांनी मे 1995 मध्ये नेटस्केपसाठी जावास्क्रिप्टचा पहिला नमुना दहा दिवसांत उभा केला. त्या घाईत चुका पकडायची सोय राहून गेली. 1996 च्या नेटस्केप 3 मध्ये ‘ऑनएरर’ आलं: चूक झाली की आपलं फंक्शन बोलावलं जाणार आणि त्याच्या हातात संदेश, फाइलचा पत्ता आणि ओळीचा क्रमांक पडणार. फंक्शनने ‘ट्रू’ परत केलं की ब्राउझर तक्रार गिळायचा. जुन्या पद्धतीच्या इतर हँडलरांत ब्राउझरला थांबवायचं तर ‘फॉल्स’ द्यावं लागतं. इथे नेमकं उलटं. हा उफराटेपणा आजही कायम आहे, कारण तो सुधारायचा तर जुनी पानं मोडतील.

ऑनएरर म्हणजे अपघातानंतरचा पंचनामा. चूक जागच्या जागी सावरणारं ट्राय-कॅच मायक्रोसॉफ्टने मार्च 1999 च्या इंटरनेट एक्सप्लोरर 5 मध्ये दिलं. डिसेंबरात ईसीएमएस्क्रिप्टच्या, म्हणजे जावास्क्रिप्टच्या मानकाच्या, तिसऱ्या आवृत्तीने ते सामावून घेतलं. टाइपएरर, रेफरन्सएरर ही नावंही तिथे पक्की झाली. संदेशाचे शब्द मात्र मानकाने ज्याच्या त्याच्यावर सोडले, आणि पुढची बरीचशी डोकेदुखी या एका सवलतीतून आली असं मला वाटतं. ‘यूजर’मध्ये काहीच नसताना त्याचं नाव वाचायला जा: क्रोम म्हणतो ‘कॅनॉट रीड प्रॉपर्टीज ऑफ अनडिफाइन्ड’, फायरफॉक्स ‘यूजर इज अनडिफाइन्ड’, सफारी ‘अनडिफाइन्ड इज नॉट अ‍ॅन ऑब्जेक्ट’. चूक एकच, तक्रारवहीत नोंदी तीन. एक्सप्लोरर तर विंडोजच्या भाषेत बोलायचा. जर्मन ग्राहकाची चूक जर्मनमध्येच यायची!

चूक कुठून कुठे पोचली हे सांगणारा ‘स्टॅक’ आधी मोझिलाने दिला. क्रोमने तो वेगळ्या मांडणीत छापला, आणि एक्सप्लोररला तो मिळायला 2012 ची दहावी आवृत्ती उजाडली. तोवर ट्रेसकिटसारख्या लायब्रऱ्या प्रत्येक ब्राउझरची बोली रेग्युलर एक्स्प्रेशनने उलगडत बसल्या होत्या.

मग सुरक्षेचं प्रकरण निघालं. 2006 मध्ये जेरेमाया ग्रॉसमन यांनी एक युक्ती दाखवली. दुसऱ्या साइटचं पान स्क्रिप्ट म्हणून मागवायचं. ते जावास्क्रिप्ट नसल्यामुळे चूक होणारच. लॉगिन केलेल्याला आणि न केलेल्याला वेगवेगळी पानं मिळतात, म्हणून चुकीचा संदेश आणि ओळीचा क्रमांकही वेगळा. म्हणजे ऑनएरर ऐकणाऱ्या परक्या पानाला कळणार, तुम्ही तिथे लॉगिन आहात की नाही. ब्राउझरांनी पुढे परक्या डोमेनवरच्या स्क्रिप्टबद्दल तोंड मिटलं: संदेश फक्त ‘स्क्रिप्ट एरर.’, ओळ शून्य.

2013 च्या सुमारास ऑनएररला स्तंभाचा क्रमांक आणि खुद्द एरर ऑब्जेक्ट मिळाला, तीनाची पाच माहिती झाली. पण परक्या डोमेनवरून आणलेल्या स्क्रिप्टची चूक नीट वाचायची तर टॅगवर ‘क्रॉसओरिजिन’ लिहावं लागतं आणि समोरच्या सर्व्हरने परवानगीचा हेडर पाठवावा लागतो. टॅगवरचा शब्द विसरला तर पुन्हा तेच, ओळ शून्य. हेडर विसरला तर त्याहून वाईट: स्क्रिप्टच चढत नाही.