घरचा पडदा आणि पडद्यावरील काळोख



स्नेहीमंडळी घरी जमवून भिंतीवर चित्रपट दाखविण्याची हौस आमच्या करंजाड्यासारख्या पनवेलनजीकच्या नव्या वसाहतींतही दिसू लागली आहे. पुष्कळांस ही आजकालची चैन वाटते. वस्तुतः थोडक्या लोकांत बसून चित्र पाहण्याची रीत आपल्या चित्रपटाच्या जन्माहून जुनी आहे. १९१२ साली दादासाहेब फाळके यांनी वाटाण्याच्या रोपाची वाढ चित्रित केली व ती निवडक परिचितांस दाखवून भांडवल मिळविले. 'राजा हरिश्चंद्र' लोकांपुढे आला तो त्यानंतर, १९१३ साली. पुढे २ ऑक्टोबर १९७२ रोजी मुंबई दूरदर्शन सुरू झाले, तेव्हा ज्या बिऱ्हाडी संच असे तेथे रविवारच्या चित्रपटास सारी चाळ लोटत असे.

अशा मेळाव्यास कोणता चित्रपट शोभेल, असे कोणी विचारील तर मी 'महल'चे नाव घेईन. आणि त्याचे कारण सांगण्यास थोडे दूर जावे लागेल.

दुसऱ्या महायुद्धात जर्मनांच्या अमलाखालील फ्रान्समध्ये अमेरिकन चित्रपटांस बंदी होती. युद्ध संपल्यावर ते एकदम आले, तेव्हा त्यांतील गुन्हा, संशय आणि गडद सावल्या पाहून १९४६ साली नीनो फ्रांक या समीक्षकाने त्यांस 'फिल्म न्वार', म्हणजे 'काळा चित्रपट', हे नाव वापरले. ही छायेची विद्या अमेरिकेत आली कोठून? तिचा मोठा अंश जर्मनीतून आला. १९३३ साली हिटलर सत्तारूढ होताच फ्रिट्झ लांग, रॉबर्ट सिओडमाक, बिली वाइल्डर असे कलावंत तेथून परागंदा झाले आणि कालांतराने हॉलिवुडास पोहोचले. वाइल्डर यांचा १९४४ चा 'डबल इन्डेम्निटी' हा या जातीचा आदर्श मानला जातो.

त्याच विद्येची दुसरी वाट आपल्या मालाडास आली. हिमांशू राय व देविकाराणी यांनी १९३४ साली स्थापिलेल्या बॉम्बे टॉकीजमध्ये म्युनिकचे योझेफ विर्शिंग हे छायाचित्रकार होते. 'अछूत कन्या' (१९३६) त्यांच्याच कॅमेऱ्याने टिपला. युद्ध पेटताच इंग्रज सरकारने शत्रुराष्ट्राचा नागरिक म्हणून त्यांस स्थानबद्ध केले. दैवाची गती पाहा! कोणी जर्मनीस नकोसा झाला म्हणून देशोधडीस लागला, तर कोणी जर्मन होता म्हणून बंदिवासात पडला. पण दोघांच्या हातची सावली एकाच कुळातली.

सुटकेनंतर विर्शिंग मालाडास परतले आणि १९४९ साली 'महल' चित्रित झाला. दिग्दर्शक कमाल अमरोही यांचा हा पहिलाच चित्रपट. भूमिका अशोककुमार आणि मधुबाला यांच्या. ओस वाड्यात आलेल्या नायकास भिंतीवर आपल्याच चेहऱ्याची तसबीर दिसते, येथून कथा सुरू होते. पुढचे रहस्य मी फोडीत नाही. खेमचंद प्रकाश यांनी स्वरबद्ध केलेल्या त्यातील सुप्रसिद्ध गीतासाठी लता मंगेशकर ध्वनिक्षेपकापासून दूर उभ्या राहून गातगात जवळ आल्या होत्या. आरंभीच्या तबकड्यांवर मात्र गायिका म्हणून 'कामिनी' हे पात्राचेच नाव छापले गेले.

हा चित्रपट दाखविणाऱ्या यजमानाने दोन पथ्ये पाळावी. पहिले, खिडक्यांस जाड पडदे लावून खोलीत खरा अंधार करावा, आणि हातातील भ्रमणध्वनी दूर ठेववावे. काळ्या चित्रपटात सावली हेही एक पात्र असते. रस्त्यावरचा दिवा आत शिरला की ते पात्र नाहीसे होते. दुसरे, आरंभी चार शब्दांत विर्शिंग यांची हकीकत सांगावी. चित्रपटाच्या नामावळीत नटांची नावे सर्वजण वाचतात. अंधार रंगविणाऱ्याकडे क्वचितच कोणाची दृष्टी जाते. १९६७ साली ते मुंबईतच निवर्तले. त्यांनी छायाचित्रण केलेला 'पाकीजा' १९७२ साली प्रदर्शित झाला, तेव्हा तो पाहावयास ते हयात नव्हते.

राज्ये माणसांस शत्रू ठरवितात, कुंपणात घालतात. त्यांच्या हातची कला मात्र दुसऱ्या देशाच्या भाषेत बोलू लागते. हे एवढे पाहुण्यांतील एका मुलाच्या जरी ध्यानी आले, तरी त्या रात्रीचा अंधार कारणी लागला असे मी समजेन.