पगार : एक देणे

ठाणे-वसईच्या पोर्तुगीज अमलाचे कागद मुळातून वाचता यावेत, म्हणून पन्नाशी उलटल्यावर मी भाषा शिकायला निघालो. डोंबिवलीत घराजवळ वर्ग मिळाला तो स्पॅनिशचा. दोन्ही भाषा बहिणी-बहिणी, एक आली की दुसरी जवळ येईल, असे मनाशी म्हटले आणि जाऊन बसलो.

चौथ्या रविवारी बाईंनी फळ्यावर शब्द लिहिला : ‘पागा’. शिवकाळ वाचणाऱ्याला पागा म्हटले की घोडेच दिसणार! बाईंनी अर्थ सांगितले. ‘ला पागा’ म्हणजे वेतन; हे नाम. नुसते ‘पागा’ म्हणजे ‘तो पैसे देतो’, हे क्रियापद. जोर देऊन म्हटले तर ‘पैसे दे!’ अशी आज्ञा. आणि मूळ रूप ‘पागार’, म्हणजे पैसे देणे. एकच शब्द नाम आणि क्रियापदही कसा, म्हणून वर्गातली मुले गोंधळली. मी मात्र ‘पागार’पाशीच थांबलो होतो.

आपला ‘पगार’ पोर्तुगीजांकडून आला, ही गोष्ट नवी नाही. गोव्याचे कोशकार सेबॅस्तियांव रोदोल्फो दालगादो यांनी १९१३ च्या आपल्या ग्रंथात आशियाई भाषांत गेलेले पोर्तुगीज शब्द जमवले. त्यांत तो आहे. पण चावी, बादली, बटाटा हे शब्द त्या भाषेतही वस्तूंचीच नावे होती. ‘पगार’ तिथे क्रियापदाचे मूळ रूप होता, स्पॅनिशसारखाच. मराठीत येता येता तो नाम झाला. हे कसे घडले असावे?

१५३४ मध्ये गुजरातच्या सुलतान बहादूरशहाने तहान्वये वसई आणि तिच्याखालचा मुलूख पोर्तुगीजांना दिला. ठाणे त्यांच्याकडून मराठ्यांनी घेतले १७३७ मध्ये आणि वसई पडली १७३९ मध्ये. म्हणजे दोनशे वर्षे इथल्या माणसांनी त्यांच्या हाताखाली काम केले. राज्याची हद्द ही कामाची हद्द नव्हती. १६५७ मध्ये कल्याण-भिवंडी शिवाजी महाराजांच्या ताब्यात आली आणि तिथे लढाऊ जहाजे बांधायला घेतली गेली. त्या कामावर रुई लैतांव व्हिएगस हा पोर्तुगीज माणूस प्रमुख होता. मराठ्यांचे आरमार उभे राहू नये म्हणून १६५९ मध्ये वसईच्या पोर्तुगीज अधिकाऱ्याने त्याला आणि त्याच्या माणसांना वळवून परत नेले. कसब विकत घेता येते आणि फोडताही येते, हे तेव्हाच्या राजकारण्यांना पक्के ठाऊक होते.

माझा तर्क असा. गोदीत, तटबंदीवर, शेतावर राबणाऱ्या माणसाला मालकाच्या भाषेचे व्याकरण कोण शिकवणार? महिनाभर तो एकाच बोलाची वाट पाहत असणार : पैसे देणे. देणाऱ्याची क्रिया घेणाऱ्याच्या ओंजळीत पडली आणि तिचे नाम झाले. त्यासाठी मराठीत साचा तयारच होता. गाणे, लेणे, येणे, देणे ही आपली क्रियापदे आणि आपली नामेही. हे मी वर्गात सांगितले, तेव्हा मुलांचा गोंधळ एका क्षणात मिटला.

घरी परतताना ‘देणे’ डोक्यात घोळत राहिले. दिले, तर देणे ही क्रिया. ती होऊन जाते. दिले नाही, तर तेच देणे नाम होऊन मागे राहते. लॅटिनमध्ये ‘पागार’चे मूळ ‘पाकारे’, म्हणजे शांत करणे. त्याचेही मूळ ‘शांतता’ या अर्थाच्या शब्दात. पैसे चुकते झाले की समोरच्याचे मन निवते, असा त्यामागचा व्यवहार.

माझे वडील ठाण्याच्या वागळे इस्टेटमध्ये एका कारखान्यात फिटर होते. कारखान्याला टाळे लागले तेव्हा त्यांचा चार महिन्यांचा पगार थकला होता. मराठीत माणूस थकतो तसा पगारही थकतो. वडील तो मागायला फाटकावर जात. आधी रोज, मग आठवड्याने, मग सणासुदीच्या तोंडावर. पहारेकऱ्याशी दोन शब्द बोलून परत येत. घरी कोणी काही विचारत नसे.

त्यांची हिशेबाची वही माझ्या संग्रहात आहे. पोर्तुगीज अमलावरच्या टिपणांशेजारीच ती ठेवली आहे. शेवटच्या पानावर ठळक अक्षरांत ‘येणे’ असे लिहून खाली चार आकडे मांडलेले आहेत. त्यांची बेरीज वडिलांनी केलेली नाही.